दातांचा खर्च झेपवायचा कसा आणि परत मोकळं हसायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कित्येक वर्षं डेंटिस्टकडे फिरकलेलो नाही, आता तोंड उघडायचीच लाज वाटते. ते काय म्हणतील?

काही जण बोलतात, खोटं कशाला सांगू. पण बहुतेक जण काही बोलत नाहीत, कारण त्यांचा अख्खा दिवस असल्याच तोंडांमध्ये जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरात साधारण ३५० कोटी लोकांना दातांचे किंवा तोंडाचे आजार आहेत असं म्हटलंय, म्हणजे जवळजवळ अर्धं जग. तुमची दाढ बघून दचकेल असा डेंटिस्ट शोधूनही सापडायचा नाही. तरी धाकधूक वाटत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगून टाका की बरीच वर्षं आलेलो नाही, मलाच अवघड वाटतंय, लेक्चर नको, आधी फक्त काय काय झालंय ते सांगा. हे ऐकूनही कोणी झापलंच तर सरळ दुसरा डेंटिस्ट बघायचा.

लाजेचं दुसरं एक आहे, ती महाग पडते. दाताच्या वरच्या कडक थराला, इनॅमलला, नसच नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काही कळत नाही. कळतं तेव्हा ती बऱ्याचदा आत पोचलेली असते. साध्या फिलिंगमध्ये भागलं असतं तिथे मग रूट कॅनाल आणि कॅप लागते, आणि तेही टाळलं तर दात काढा, त्या जागी नवीन बसवा, आणि प्रत्येक पायरीला खर्च थोडाथोडका नाही, काही पटींनी वाढतो. "पैसे जमले की जाऊ" म्हणून थांबणाऱ्यांचं हेच होतं, पैसे जमतात तोवर बिल पुढे गेलेलं असतं. नुसती तपासणी करून घ्या, त्या दिवशी दुसरं काहीच करायचं नाही असं ठरवून गेलात तरी चालतं.

सगळं एकदम करण्याइतके पैसे नाहीत. आधी कशावर खर्च करू?

दातांच्या कामात पैसे वाचतात ते क्रम लावल्याने, घासाघीस करून फारसे वाचत नाहीत.

पहिल्यांदा दुखणं, सूज, पू. याला दुसरा पर्याय नाही आणि हे थांबतही नाही. मग पसरत चाललेली कीड थांबवायची, म्हणजे भोकं भरून घ्यायची, भले सुरुवातीला तात्पुरत्या सिमेंटने का होईना. आणि त्याच वेळी हिरड्यांची साफसफाई, कारण हिरड्या सुजलेल्या असताना वर कितीही महागडी कॅप बसवली तरी पायाच कच्चा राहतो. त्यानंतर जे दात वाचू शकतात त्यांचं रूट कॅनाल, कॅप वगैरे. मग गेलेल्या दातांच्या जागा भरणं. आणि सगळ्यात शेवटी रंग, आकार, सरळपणा.

डेंटिस्टही साधारण याच क्रमाने प्लॅन करतात, पण माझं एक वेगळं मत आहे. समोरचा एखादा दात तुटलेला किंवा काळा असेल आणि त्यापायी तुम्ही इंटरव्ह्यूला जायचं टाळताय, लोकांत बोलायचं टाळताय, तर तो एक दात रांगेत पुढे आणा. दुखणं आणि सूज आटोक्यात आल्यावर लगेच. कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, तो बहुतेक वेळा एका सिटिंगमध्ये बरा दिसायला लागतो, खर्च कॅपपेक्षा बराच कमी, आणि मुख्य म्हणजे आरशात फरक दिसला की उरलेलं काम पूर्ण करायचा हुरूप येतो. हुरूप नसला की लोक अर्ध्यात सोडतात आणि अर्धवट सोडलेलं काम सगळ्यात जास्त महाग पडतं.

आणि हे टप्पे महिन्यांवर, हवं तर वर्षा-दीड वर्षावर पसरवता येतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यातलं काय तीन महिने थांबू शकतं, काय वर्षभर थांबू शकतं आणि काय अजिबात थांबू शकत नाही?" या एका प्रश्नाने निम्मं टेन्शन जातं.

डॉक्टरांनी एक मोठ्ठा आकडा सांगितला आणि मी घाबरून परत आलो. एवढं खरंच लागतं का?

लागत असेलही, नसेलही. तोंडी आकड्यावरून कोणालाच काही कळत नाही, लेखी एस्टिमेट मागा, दातागणिक. प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो, पहिला आकडा जबड्याचा कुठला चतुर्थांश ते सांगतो आणि दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. म्हणजे ११ म्हणजे वरचा उजवीकडचा समोरचा मोठा दात, ३६ म्हणजे खालची डावीकडची पहिली मोठी दाढ. (काही देशांत नंबर लावायची पद्धत वेगळी आहे, तिथे विचारून घ्या.) एस्टिमेटवर "३६, रूट कॅनाल, कॅप" असं लिहिलेलं असलं की तुम्हाला ते आरशात बघता येतं, एक्सरेवर बघता येतं, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवताही येतं. "फुल माउथ ट्रीटमेंट" एवढंच लिहून खाली एक रक्कम असेल तर ते एस्टिमेट नाही.

मग एकेक ओळ घेऊन विचारा. हे नाही केलं तर काय होईल? यापेक्षा साधा पर्याय आहे का? यात लॅबचा खर्च, एक्सरे, पुढच्या व्हिजिट धरल्यात का? कॅप कुठल्या मटेरियलची? मागच्या दाढेला, जी हसताना दिसतच नाही, तिला धातूची कॅप चालते, ती टिकाऊ असते आणि तिच्यासाठी दात मशीनने कमी घासून बारीक करावा लागतो, पण कोणी आपणहून सुचवेलच असं नाही.

सेकंड ओपिनियन घेण्यात कोणाचा अपमान नाही. एक्सरेची कॉपी मागून घ्या म्हणजे परत काढायला नको. फक्त दुसऱ्याकडे गेल्यावर "पहिल्याने एवढे सांगितले, तुम्ही किती घ्याल" असं सुरू करू नका, आधी त्यांना काय दिसतंय ते विचारा आणि मग तुमचा कागद बाहेर काढा. दोघांचं निदान जुळलं की निर्धास्त व्हा. आणि एकाने आठ फिलिंग सांगितली आणि दुसऱ्याने दोनच, तर तिसऱ्याकडे जायला हरकत नाही, कारण अगदी सुरुवातीची कीड भरायची की फ्लोराइड लावून लक्ष ठेवायचं यावर डॉक्टरांमध्येही खरंच मतभेद असतात, सगळीच लुबाडणूक नसते.

त्यापेक्षा दाढ काढून टाकली तर? ते स्वस्त पडतं ना?

त्या दिवसापुरतं, हो. नंतर शेजारचे दात हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात लांब होत खाली किंवा वर सरकतो, तिथलं हाड झिजतं, आणि दोन-तीन वर्षांनी तिथे दात बसवायचा म्हटलं तर काम अवघड झालेलं असतं. म्हणून काढण्याची आणि वाचवण्याची तुलना करताना काढण्याच्या खर्चात पुढे तिथे दात बसवायचा खर्चही धरा, मग रूट कॅनाल तितकंसं महाग वाटत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. प्रत्येक गेलेल्या दाढेच्या जागी दात बसवलाच पाहिजे असं नाही. नेदरलँड्समधल्या कायसर या दंततज्ज्ञांनी १९८१ साली मांडलं होतं की समोरचे दात आणि त्यामागच्या छोट्या दाढा मिळून साधारण २० दात नीट शाबूत असले तर बहुतेकांचं खाणं-बोलणं व्यवस्थित चालतं. जपानमध्ये १९८९ पासून जी मोहीम चालली तिचं ध्येयही ८० व्या वर्षी तोंडात स्वतःचे २० दात असावेत असंच होतं, ३२ नाही. त्यामुळे अगदी मागची दाढ गेली असेल, चावायला त्रास नसेल, दिसतही नसेल, तर ते पैसे समोरच्या दातांसाठी राखून ठेवायला काहीच हरकत नाही. डॉक्टरांना विचारा, "ही जागा रिकामी ठेवली तर माझ्या बाबतीत नेमकं काय बिघडेल?"

रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं. कॅप पुढच्या वर्षी घातली तर चालेल?

दाढ असेल तर नका थांबू. रूट कॅनाल केलेली दाढ आतून पोखरून भरलेली असते, चावताना तिच्यावर जोर येतो आणि एक दिवस काहीतरी साधंच खाताना उभी चीर जाते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते आणि रूट कॅनालचे पैसेही पाण्यात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते इथे अगदी लागू. पैशांची ओढाताण असेल तर आधीच सांगा, दाढेचे कंगोरे झाकतील असं मजबूत फिलिंग करून कॅप काही काळ पुढे ढकलता येते का ते डॉक्टर बघतील. समोरच्या दाताचं मात्र वेगळं, तो बराचसा शाबूत असेल तर कधीकधी कॅपशिवायही भागतं.

कमी खर्चात चांगलं काम कुठे होतं?

डेंटल कॉलेज. हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कोणी जात नाही, "विद्यार्थी करतात" म्हणून. विद्यार्थी करतात, पण प्रत्येक पायरीला मागे शिकवणारे उभे असतात, फाइल त्यांनी तपासून सही केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि त्यामुळेच काम हळू होतं. बाहेर तासाभरात होणारी गोष्ट तिथे अर्धा दिवस खाते, तीन सिटिंगच्या जागी सहा होतात. म्हणजे पैशाऐवजी तुम्ही वेळ मोजता. ज्यांना रजा मिळत नाही त्यांना हे परवडत नाही हेही तितकंच खरं. अवघड रूट कॅनाल असेल तर पोस्टग्रॅज्युएट विभागात घेतील का विचारा.

सरकारी दवाखाने, धर्मादाय संस्था, तपासणी शिबिरं हे पर्याय जिथे आहेत तिथे दुखणं थांबवणं, दात काढणं, फिलिंग, साफसफाई एवढं होऊन जातं, कॅप आणि इम्प्लांटसाठी (हाडात स्क्रू घालून बसवलेला दात) मात्र बहुतेक वेळा बाहेर जावं लागतं. म्हणून दोन्हींचं मिश्रण करा, बेसिक काम तिथे आणि उरलेलं नेहमीच्या डेंटिस्टकडे.

नेहमीच्या डेंटिस्टलाही "माझं बजेट एवढं आहे, यात काय बसवता येईल?" असं सरळ विचारता येतं. लोक हे विचारायला लाजतात आणि मग दुसऱ्या दिवसापासून फोनच उचलत नाहीत. डॉक्टरलाही तुम्ही अर्ध्यात गायब होण्यापेक्षा हे परवडतं.

इएमआयवर करू का? "झिरो टक्के" लिहिलंय.

झिरोच्या खालची बारीक अक्षरं वाचा. प्रोसेसिंग फी किती, एक हप्ता चुकला तर काय होतं, आणि काही योजनांमध्ये ठरलेल्या मुदतीत सगळं फेडलं नाही तर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, ते तसं आहे का. शिवाय रोख एकरकमी दिले तर किती कमी कराल ते विचारा, कधीकधी झिरो टक्क्यांतलं व्याज किमतीतच मिसळलेलं असतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्ज फायनान्स कंपनीचं असेल तर क्लिनिकला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळून जातात. मग काम रखडलं, डॉक्टर बदलले, क्लिनिकच बंद झालं, तरी तुमचे हप्ते चालूच. क्लिनिकलाच टप्प्याटप्प्याने पैसे द्यायची सोय असेल तर ती जास्त चांगली, जेवढं काम झालं तेवढे पैसे. अख्ख्या प्लॅनचे पैसे आगाऊ भरा म्हणून मागे लागलेल्या ठिकाणी मी तरी जाणार नाही, मग डिस्काउंट कितीही असो.

दुखणाऱ्या दातासाठी कर्ज काढणं समजू शकतं. नुसत्या पांढऱ्याशुभ्र दिसण्यासाठी काढू नका, त्यातलं बरंचसं स्वस्तात होतं, खाली लिहिलंय.

इन्शुरन्समध्ये होतं का?

पॉलिसीवर आहे. तीन गोष्टी बघायच्या, वेटिंग पीरियड किती, वर्षाला जास्तीत जास्त किती देतात, आणि आधीपासून नसलेले दात धरतात का. कॉस्मेटिक काम जवळपास सगळीकडे वगळलेलं असतं, आणि काही पॉलिसी फक्त अपघातात दात गेला तरच पैसे देतात. वर्षाची मर्यादा असेल तर काम दोन पॉलिसी वर्षांत वाटून घेता येतं, थोडं वर्ष संपता संपता आणि थोडं नवीन सुरू झाल्यावर. मोठ्या कामाला आधी लेखी मंजुरी घ्या, नंतर भांडत बसायला नको.

समोरचा दात अर्धा तुटलाय. कमीत कमी काय केलं तर बरा दिसेल?

कंपोझिट बॉन्डिंग. दातावर आम्लाचं जेल लावून बारीक खडबडीतपणा आणायचा म्हणजे रेझिन चिकटतं, ही युक्ती १९५५ सालची आहे आणि आजही दिसण्याचं निम्मं काम तिच्यावरच चालतं.

खुर्चीत बसल्यावर होतं असं. डॉक्टर आधी वेगवेगळ्या छटांचे छोटे दात लावलेली पट्टी तुमच्या दाताशेजारी धरून रंग ठरवतात, आणि हे दात ओला असतानाच व्हायला हवं, कारण दात थोडा वेळ कोरडा राहिला की जरा जास्तच पांढरा दिसतो आणि मग निवडलेली छटा चुकते. मग बहुतेक वेळा निळं असतं ते जेल अर्धा मिनिटभर, धुणं, बॉन्ड, आणि मग मऊ कंपोझिटचा थर, त्यावर निळा लाइट, परत थर, परत लाइट. शेवटी रंगीत कागद चावायला देतात, जिथे ठसा उमटतो तो उंचवटा घासतात. घाई करू नका इथे. ओठ मिटून बघा, खालचे-वरचे दात एकमेकांवर सरकवून बघा, उंच लागतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे सांगा, कारण तो उंचवटाच पुढे कंपोझिट उडवतो. इंजेक्शन बऱ्याचदा लागतही नाही.

हे कायमचं नसतं, काही वर्षांनी रंग उतरतो, कोपरा उडतो, पण परत लावता येतं आणि दात जवळजवळ घासावा लागत नाही म्हणजे पुढे कॅप किंवा व्हीनियरचा (दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा) रस्ता बंद होत नाही. नखं चावायची किंवा दाताने पाकिटं फोडायची सवय असेल तर ती आधी सोडा.

दात पूर्णच गेलाय. इम्प्लांटच हवा का?

नाही. इम्प्लांट चांगला आहेच, टायटॅनियमभोवती हाड घट्ट धरतं हे स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडावर काम करताना लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले, म्हणजे ही काही कालची फॅशन नाही. पण किंमत बघताना तीन भाग लक्षात ठेवा, हाडातला स्क्रू, वरचा जोड आणि कॅप. जाहिरातीतला आकडा कित्येकदा नुसत्या स्क्रूचा असतो. हाड कमी असेल तर ते भरायचा खर्च वेगळा. स्क्रू हाडात मुरायला बहुतेक वेळा तीन ते सहा महिने जातात. सिगरेट चालू असेल किंवा शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर फेल व्हायची शक्यता वाढते, त्यामुळे आधी तिकडे लक्ष द्या.

स्वस्त पर्याय म्हणजे काढता-घालता येणारा दात. एक-दोन दातांची छोटी प्लेट असते, लोक तिला कवळी म्हणून नाक मुरडतात पण पैसे जमेपर्यंत समोरची खिंड झाकायला तिच्यासारखी सोय नाही. मधला पर्याय मेरीलँड ब्रिज, मागून छोटा पंख चिकटवून शेजारच्या दाताला धरलेला दात, यात शेजारचा दात फारसा घासत नाहीत. समोरच्या एका दातासाठी हा उत्तम असतो आणि का कुणास ठाऊक याबद्दल फार कमी जणांना सांगितलं जातं, तुम्हीच विचारा. साधा ब्रिज करायचा तर दोन्हीकडचे दात घासावे लागतात, ते आधीच फिलिंगवाले असतील तर ठीक, अगदी निरोगी असतील तर मी दोनदा विचार करेन.

दात पिवळे आहेत. व्हाइटनिंग करू का?

आधी नुसतं क्लिनिंग करून बघा. बऱ्याच जणांचा पिवळेपणा म्हणजे डाग आणि टार्टर (दातावर साचून कडक झालेला थर) असतो, तो निघाला की व्हाइटनिंगची गरजच वाटत नाही.

तरी करायचंच तर डॉक्टरांकडून मापाचा ट्रे करून घेऊन घरी सौम्य जेल, म्हणजे १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्री लावायची पद्धत आहे. १९८९ पासून वापरात आहे, हळू होते, क्लिनिकमधल्या एका तासाच्या लेझर-बिझरपेक्षा बहुधा स्वस्त पडते. थोडे दिवस दात सळसळतात, मध्ये एखादा दिवस गॅप द्या. फिलिंग आणि कॅप यांचा रंग बदलत नाही, म्हणून क्रम असा की आधी व्हाइटनिंग, मग दोनेक आठवडे थांबून त्या रंगाला मॅच होणारं बॉन्डिंग किंवा कॅप. उलट केलंत तर दोनदा खर्च.

कोळशाच्या पेस्ट, आंबट काहीतरी चोळणं, असले व्हिडिओ बघून करू नका. इनॅमल झिजतं, ते परत येत नाही, आणि खालचा थर मुळातच पिवळा असतो, म्हणजे घासून घासून दात आणखी पिवळे दिसायला लागतात.

वीस व्हीनियरचं पॅकेज ऑफरमध्ये मिळतंय, दोन दिवसांत नवीन स्माईल!

निरोगी दात घासून टोकदार खुंट करायचे आणि वर टोप्या बसवायच्या, याला पुष्कळ ठिकाणी व्हीनियरच म्हणतात, पण त्या असतात कॅप. व्हीनियर म्हणजे पुढून चिकटवलेला पातळ पापुद्रा. दात किती घासणार ते लेखी विचारा. आणि हे एकदा केलं की आयुष्यभर दर काही वर्षांनी बदलत राहायचं, विशीत केलं तर तीन-चार वेळा. मेणाचा नाहीतर तात्पुरता नमुना तोंडात लावून दाखवा म्हणा, तो लावून बोलून हसून बघा. परगावी किंवा परदेशात करणार असाल तर पुढे दुखलं तर कोण बघणार हे आधी ठरवा.

घरी मागवायचे अलाइनर, म्हणजे दात सरळ करायचे ते पारदर्शक साचे?

एक्सरे न काढता आणि हिरड्या न तपासता दात हलवणं धोक्याचं आहे, हाड कमी असेल तर दात सैल होतात. थोडेसेच वाकडे दात असतील तर डॉक्टरांकडे साधी तार बऱ्याचदा अलाइनरपेक्षा स्वस्त पडते.

क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात म्हणे.

दात टार्टरमुळे आधीच सैल झालेले असतात, टार्टरने ते धरून ठेवलेले असतात एवढंच. काढल्यावर खरी परिस्थिती कळते. नाही काढलं तर हाड झिजत जातं.

मला इंजेक्शनची आणि त्या मशीनच्या आवाजाची भयंकर भीती वाटते.

सांगा. बसायच्या आधी सांगा. हात वर केला की थांबायचं असं ठरवून घ्या आणि पहिल्या पाच मिनिटांत एकदा उगाचच हात वर करून बघा, खरंच थांबतात का. थांबले की निम्मी भीती ओसरते. सुईच्या आधी जागा बधिर करणारं जेल लावायला सांगा, कानात हेडफोन, सकाळची पहिली वेळ घ्या म्हणजे दिवसभर धास्तीत घालवायला नको. काही ठिकाणी हसवणाऱ्या गॅसची सोय असते, नायट्रस ऑक्साइड, विचारायला काय जातं.

गाल सुजलाय, घरी अँटिबायोटिकच्या गोळ्या पडल्यात. त्या घेऊ?

नको. गोळीने सूज उतरली तरी दाताच्या आतलं इन्फेक्शन तसंच राहतं आणि परत येतं, दात उघडून किंवा काढून ते बाहेर काढावंच लागतं. आणि सुजेबरोबर ताप, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, श्वास अडकल्यासारखं होणं, यातलं काहीही असेल तर डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी. अशा वेळी खर्चाचा हिशोब नंतर.

नवीन दात बसवले पण बोलताना शीळ वाजते, लोकांसमोर बोलवत नाही.

पहिल्या आठवड्यात होतंच. "फ" आणि "व" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला कुठे टेकतात त्यावर आवाज ठरतो, आणि "स" ला जिभेची आणि दातांची फट. नवीन दातांची जाडी वेगळी, जिभेला जुनी जागा सापडत नाही, तोंडाला पाणीही जास्त सुटतं. रोज दहा मिनिटं मोठ्याने काहीतरी वाचा, बातम्या वाचा, घरात कोणी नसताना वाचा. काढता-घालता येणारी प्लेट असेल तर सुरुवातीला मऊ आणि दोन्ही बाजूंनी चावून खा. दोन-तीन आठवड्यांनीही शीळ जात नसेल किंवा कुठे टोचून जखम होत असेल तर परत दाखवा, थोडंसं घासलं की सुटतो प्रश्न. घरी फाइलने घासू नका. असं करणारे लोक असतात.

दात नीट झाले, तरी फोटोत ओठ मिटलेलेच. हसताना हात आपोआप तोंडावर जातो.

हे कोणी आधी सांगत नाही. दात एका दिवसात बदलतात पण ओठ आवळून ठेवणारे स्नायू वर्षानुवर्षं तेच शिकलेले असतात. काही जण तर खर्च करून रडकुंडीला येतात, की एवढं करूनही मला हसता का येत नाही.

सुरुवात एकट्याने करा. मोबाइलवर व्हिडिओ लावून कोणाला तरी फोन करा, एखादा विनोदी किस्सा सांगा, आणि नंतर स्वतःला बघा. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, कारण फोटोत आपण पोझ घेतो आणि पोझमध्ये जुनी सवय घट्ट असते. मग घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, "हात तोंडावर गेला की मला खूण कर". सगळ्यांना नका सांगू, एकालाच, नाहीतर चेष्टा होते आणि परत तोंड मिटतं.

कोणी तरी "काहीतरी वेगळं दिसतंय तुझ्यात" म्हणणार. उत्तर तयार ठेवा. "हो, दातांचं काम करून घेतलं", बस, एवढं पुरतं. बऱ्याच जणांच्या तर लक्षातही येत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, लोक आपल्या दातांकडे आपल्याइतकं टक लावून बघतच नसतात. महिने गेले तरी आरशाकडे बघवत नसेल, लोकांत जाणं टाळलंच जात असेल, तर ते दातांच्या पलीकडचं आहे, समुपदेशकाशी बोला, तेही उपचारच.

एवढा खर्च केलाय, आता टिकवायचं कसं?

दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट, ट्यूबवर १००० ते १५०० पीपीएम लिहिलेलं बघून घ्या, महागडा ब्रँड लागत नाही. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. गोड किती खाता यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता याने जास्त फरक पडतो, घोट-घोट गोड पीत दुपार काढणं सगळ्यात वाईट. कॅप आणि ब्रिजच्या कडेला, हिरडीला लागून, रोज फ्लॉस किंवा छोटा ब्रश, कारण कॅप किडत नाही पण तिच्या कडेखालचा दात किडतो. रात्री दात करकर वाजत असतील तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, करून घ्या, एका तुटलेल्या कॅपपेक्षा ते स्वस्त.

कॅप निघून हातात आली तर फेकू नका आणि फेविक्विकने तर मुळीच चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत दाखवा, आतला दात ठीक असेल तर तीच परत बसते. काढायची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नाही, वाकते. आणि एक फाइल करा, त्यात सगळे एक्सरे, बिलं, कॅपचं गॅरंटी कार्ड, इम्प्लांट असेल तर त्याची कंपनी आणि साइज लिहिलेला स्टिकर. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर तिथला डॉक्टर पहिलं तेच विचारतो.